सावकाश म्हणणारी बाई

ॲनिमेशन म्हटलं की लोकांना कार्टून आठवतं. सांगलीत मी नोकरी करते तिथं कार्टून क्वचितच येतं. ठिबकच्या नळ्या कशा जोडायच्या, फवारणी कशी करायची, असली माहितीची हलती चित्रं आम्ही करतो. गेल्या वर्षी व्यायामाचं काम आलं. लकवा होऊन गेलेल्या माणसांनी घरी मोबाइलवर बघून करायचे व्यायाम. निळ्या साडीतली एक बाई हात खांद्याएवढा वर नेते, खाली आणते, आणि मागून आवाज येतो, "सावकाश, सावकाश." ते काम माझ्याकडे नव्हतं. माझ्याकडे आई होती. तिच्या उजव्या हातातलं बळ गेलं होतं आणि डॉक्टरांनी तिला नेमकी हीच बाई दिली.

शनिवारी उंब्रजला घरी गेले तर आई खुर्चीत, समोर मोबाइल आणि शेजारी आबा. माझे वडील पलटणीतून पेन्शनीत आलेले. त्यांना ती निळी बाई लय पसंत पडली होती. तिचा हात खटकन निघायचा आणि खटकन थांबायचा, अगदी परेडीसारखा.

"एक! दोन!" आबा ओरडत होते. "आगं, बाईबरोबर उचल की हात. मागं का ऱ्हातीस?"

"आवं, ती तोंडानं सावकाश म्हणती आन् हात हिसडती," आई म्हणाली. डाव्या हातानं तिनं उजवा खांदा दाबून धरला होता.

मी मोबाइल हातात घेतला आणि माझं डोकंच फिरलं. हे चित्र सरळ रेषेवर हलवलं होतं. सरळ रेषा म्हणजे वेळेच्या प्रत्येक तुकड्याला अंतराचा तेवढाच तुकडा. कागदावर छान दिसतं. पण वेग बघा: आत्ता शून्य, लगेच पुरता, मधे काहीच नाही. असा हात धडधाकट माणसाचासुद्धा निघत नाही. त्याला अनंत जोर लागेल, आणि आईकडे तर चहाचा कप उचलण्याएवढाही नव्हता.

म्हणून आमच्या धंद्यात वेळेला वळण देतात. वेळ शून्यापासून एकपर्यंत धरायची. तिच्या वर्गाची तिप्पट करायची आणि त्यातून तिच्या घनाची दुप्पट वजा करायची. संपलं सूत्र. वेळेचा पहिला दहावा हिस्सा सरतो तेव्हा सरळ रेषेवरचा हात दहा टक्के वर गेलेला असतो, वळणावरचा तीन टक्केही नाही. अर्ध्या वेळेला दोघे बरोबर अर्ध्यावर असतात, आणि शेवटाला वळणावरचा हात पुन्हा तसाच हळूहळू थांबतो. आमच्याकडे याला 'दमानं' म्हणतात. सावकाश म्हणजे नुसता कमी वेग. दमानं म्हणजे आधी दम धरायचा, मग जोर लावायचा, मग पुन्हा दम. वर्ग आणि घन शाळेत शिकलेल्या माणसाला हे जमतं. जमवायचं नसलं तर गोष्ट वेगळी.

सोमवारी सरांना सांगितलं. सर म्हणजे आमचे मालक. "एवढं कोण बघतंय?" ते म्हणाले. मी म्हटलं, माझी आई बघते. तेव्हा त्यांनी कुणाकडून तरी तयार वळण लावून घेतलं आणि तेच सगळ्या दवाखान्यांना धाडलं. "झालं तुमच्या मनासारखं?"

झालं कुठलं! हात वर न्यायची वेळ पहिल्यासारखी चारच सेकंद ठेवली होती. कडेला हात हळू केला तर राहिलेलं अंतर मधे पळूनच भरून काढावं लागतं, आणि या सूत्रात मधला वेग नेमका दीडपट होतो. पुढच्या शनिवारी आई त्या वेगाच्या मागं धावली आणि खांद्यात असा हिसका बसला की रात्रीचं जेवण मी भरवलं. तिचं तोंड उघडायची वाट बघत घास धरून बसले होते आणि मनात ते तयार वळण लावणाऱ्या माणसाला शिव्या घालत होते.

"वेळसुद्धा दीडपट करा," मी ऑफिसात सगळ्यांसमोर ओरडले. "चाराचे सहा सेकंद. मग मधला वेग पहिल्याएवढाच राहतो."

"व्हिडिओ लांबतो," सर म्हणाले. "ठरलेल्या लांबीत द्यायचाय. आणि आवाज खाली."

दोन सेकंद जड झाले होते त्यांना. मी सहा सेकंदांची बाई स्वतः बनवली आणि आईच्या मोबाइलवर घातली. आबांनी एक-दोन मोजायला तोंड उघडलं, पण मधली जागा एवढी मोठी होती की ते नुसतेच बघत राहिले. आईचा हात खांद्यापर्यंत गेला, थांबला, खाली आला. चेहरा वाकडा झाला नाही.

"ह्यी आता माणसागत करती," ती म्हणाली. "समद्यांना हीच धाडली न्हवं?"

"न्हाई. सर नको म्हणत्यात."

आईनं डाव्या हातानं मोबाइल बाजूला सरकवला. "मला वाटायचं, खोट माझ्यातच हाय. घरात कुणी नसलं की रडायची मी. माझ्यागत आजून किती बाया रडत असतील गं?" आणि जन्मात कधी आवाज न चढवलेली माझी आई ओरडली, "मग हितं काय बसलीयास? जा की!"