पाणी असलेला धबधबा

आईने सालेकशाजवळचा धबधबा कितीतरी वेळा पाहिला होता, पण कोरडा. उन्हाळ्यात ती मावशीकडे तेंदूपत्ता तोडायला जायची, तेव्हा तिथे नुसता काळा खडक उभा असे. पाणी कोसळायचं ते श्रावणात, आणि श्रावणात आई धानाच्या चिखलात वाकलेली. रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या गावात घरी बसतं ते फक्त म्हातारं माणूस, नाहीतर बाळंतीण. त्यामुळे पाणी असलेला धबधबा बघायचा, ही तिची एकुलती एक हौस तशीच राहून गेली होती.

त्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि तिचा रोवणा सुटला. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. पुढच्या श्रावणात तिला तिथवर चालता येईल याची काही खात्री नव्हती. मी गाडी घेऊन दारात हजर झाले, तर बाईसाहेब अडून बसल्या.

"लोकाइचा रोवणा चालू हाये अन् मी पानी पाह्याले जाऊ? काय म्हनतीन बाया?"

शेवटी तोडगाही तिनेच काढला. लुगडं खोचलं, डोक्यावर मेणकापड घेतलं, डबा फडक्यात बांधला आणि रोवायला निघावं तशी निघाली. दारातच शेजारणीने विचारलं, "कोनाच्या बांधीत व आज?"

"दूर हाये," आई म्हणाली आणि पटकन गाडीत बसली.

कोहमाऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंच्या धानाच्या बांध्यांत बाया रोवत होत्या. त्या दिसल्या की ही सीटवर खाली सरकायची. मी हसून हसून बेजार झाले.

जंगलात शिरल्यावर आधी नुसता आवाज आला. समोर पाणी दिसलं तसा आईने पदर तोंडाला लावला तो बराच वेळ काढलाच नाही.

कडेला घोटाभर पाण्यात मी तिचा हात धरला. तिने तो सोडवला, धबधब्याकडे पाठ केली आणि पायाने तळ चाचपत मागे मागे सरकू लागली. रोवताना सरकतात तशी.

"आई, उलटी काऊन जाऊन राहिली? तोंड तिकडे कर!"

"पान्यात असाच चालते माहा पाय. चूप राय."

कडेच्या खडकावरून एक बारीक धार पडत होती. ती पाठीवर येताच आई सवयीने वाकली. हात खाली पाण्यात गेले, रिकामेच. तिचं तिलाच हसू फुटलं. मग गुडघ्यांवर हात टेकवत ती हळूहळू सरळ झाली. पार सरळ, तोंड वर करून धारेखाली उभी राहिली.

इतक्या वर्षांत मी तिला असं उभं पाहिलंच नव्हतं. माझी आई माझ्यापेक्षा उंच आहे.