सात कपांनंतरचं वर्ष

आक्का नेहमी गुणफलकाकडे पाठ करून बसायच्या. मैदान निपाणीचं असो, बेळगावचं असो नाहीतर पार धारवाडकडचं, गेल्या गेल्या फलक कुठे लावलाय ते बघायचं आणि आपली खुर्ची बरोबर त्याच्यासमोर नेऊन ठेवायची, म्हणजे तो पाठीमागे राहील. फलकाखाली माझं टेबल असे. मी गुणलेखक. एरवी शाळेत गणित शिकवायचं आणि सुटीच्या दिवशी कबड्डीचे गुण लिहायचे, हा माझा अनेक वर्षांचा नेम. त्यामुळे आक्कांची खुर्ची आणि माझं टेबल यांत दोन हातांचंही अंतर नसे. सामना रंगात आला की मला राहवत नसे, मी हळूच गुण सांगायला जायचो. त्या मान न वळवता म्हणायच्या, "गुण तुमी लिवा मास्तर. मला पोरी बघू द्या."

तुम्हीही प्रशिक्षक पाहिले असतील. शिट्टी फुंकणारे, रेषेवर येरझारा घालणारे, पंचांशी हुज्जत घालणारे. आक्का यातलं काहीच करत नसत. बेळगावातल्या शहापूरच्या विणकराच्या घरातली ही बाई. तरुणपणी स्वतः कबड्डी खेळल्या, आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याने मुलींचा पगारी संघ काढला तेव्हा त्यांना बोलावून घेतलं, आणि त्या निपाणीकडच्याच झाल्या. कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. लग्नाबद्दल कुणी विचारलंच तर "राहून गेलं" एवढंच सांगायच्या, बस चुकल्याचं सांगावं तसं.

आवाज बारीक. सराव थांबवायचा असला की नुसतं "साकु" म्हणायच्या. साकु म्हणजे कानडीत पुरे. पळत्या बारा मुली त्या एका शब्दावर जागच्या जागी थांबताना मी पाहिल्या आहेत. माझ्या वर्गात मी घसा फोडून ओरडलो तरी मागचा बाक थांबत नाही.

या संघाने सलग सात वर्षं विभागाच्या लीगचा कप आणला. सातही वेळा गावातून मिरवणूक निघाली. आणि सातही वेळा दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सराव झाला. एका वर्षी मुलींनी कुरकुर केली, एक दिवस तरी झोपू द्या म्हणाल्या. आक्का म्हणाल्या, "कालचा कप काल गेला. पाय आजचं हाईत." मुली उठल्या.

शीतल त्यांना कशी मिळाली ते सांगायला हवं. निपाणीपासून थोड्या अंतरावरच्या खेड्यातली ही मुलगी शाळेच्या स्पर्धेत खेळताना आक्कांनी पाहिली. वडील पाठवायला तयार नव्हते. आक्का त्यांच्या घरी गेल्या आणि कबड्डीचा शब्दही काढला नाही. शीतलच्या आईबरोबर तंबाखूच्या शेतात गेल्या आणि दिवसभर शेंडे खुडले. दुसऱ्या दिवशीही खुडले. हात काळे चिकट झाले. तिसऱ्या दिवशी वडील स्वतःच म्हणाले, आक्का, पोरगीला न्या, पण तुमी आता ऱ्हाऊ द्या. हे मला वडिलांनीच पुढे हसत हसत सांगितलं.

आणली खरी, पण पुढची चार वर्षं शीतल राखीव खेळाडूंच्या बाकावरच होती. तिच्या पुढे चार पट्टीच्या खेळाडू उभ्या होत्या. मग सातव्या कपानंतरच्या उन्हाळ्यात त्या चौघीही गेल्या. दोघींची लग्नं झाली, एक पोलिसात लागली, एकीला मोठ्या शहरातल्या संघाने नेलं. कारखान्याच्या साहेबांनी आक्कांना बोलावून सांगितलं की बाहेरून चार तयार खेळाडू आणतो, नावं ठरली आहेत. मीही तिथे होतो. आक्का म्हणाल्या की बाकावरच्या मुली चार वर्षं थांबल्या आहेत आणि आता त्यांची पाळी आहे. साहेबांनी हरण्याची भीती घातली. आक्कांनी मान डोलावली. "हरतील. हरू द्या की. शिकतील."

आणि त्या हरल्या. पहिल्या आठ सामन्यांत एक जिंकला. ज्या मैदानांवर आमचा संघ उतरला की समोरच्या मुलींचे चेहरे उतरायचे, तिथे आता आमच्याच मुली खाली मान घालून परतू लागल्या. गावात बोलणं सुरू झालं. आक्कांचं वय झालं, आक्कांना गर्व चढला, सात कप काय मिळाले, कुणाचं ऐकेनाशा झाल्या. जे लोक मिरवणुकीत पुढे नाचले होते तेच हे बोलत होते. खरं सांगायचं तर एकदोनदा मीही मान हलवली.

एका सामन्यात मागून कुणीतरी सवयीने ओरडला, बांगड्या भरा. आक्कांनी मागे वळून दोन्ही हात वर केले. कोपराजवळपर्यंत हिरव्या बांगड्या. "भरल्यात की रं. तुला पायजेत काय?" सगळं मैदान हसलं, आमच्या मुलीही हसल्या, आणि त्या दिवशी हरूनसुद्धा गाडीत गाणी म्हणत आल्या. दुसऱ्या दिवशी साडेपाचला सराव. जिंकल्यानंतरचा आणि हरल्यानंतरचा सराव यांत मला कधी फरक दिसला नाही. मी मुद्दाम बघायला जायचो. तेच पळणं, तेच "साकु", तीच बाई एकेकीच्या घोट्याला हात लावून बघत जाणारी. माणूस इतका एकसारखा राहू शकतो हे मला त्या वर्षी कळलं.

शेवटच्या सामन्यापर्यंत गोष्ट अशी आली की जिंकलो तर वरच्या गटात राहणार, हरलो तर खालच्या गटात जाणार. हा प्रश्न नुसत्या अब्रूचा नव्हता. संघातल्या सहा मुली कारखान्यात कंत्राटावर होत्या. वरच्या गटात राहिलो तरच त्यांना कायम करणार, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. संघाच्या कप्तानाच्या घरी तर तिच्या पगारावर चार माणसं जेवत होती.

रविवारची दुपार होती. मैदान भरलेलं. शेवटच्या चढाईला आम्ही दोन गुणांनी मागे होतो आणि चढाईला गेली शीतल. कबड्डीत चढाई करणारीने समोरच्या अंगणात असेपर्यंत एका दमात "कबड्डी कबड्डी" म्हणत राहायचं असतं. मध्येच दम तुटला तर ती बाद. शीतल आत घुसली, एकीला पायाने शिवली, दोघींनी तिला धरलं, आणि त्या दोघींना ओढत, अक्षरशः जमिनीवर सरपटत तिने मधली रेषा गाठली. तीन गुण. पंचांनी तीन बोटं वर केली, शिट्टी झाली, सामना संपला. लोक आत धावले. मी कागदावर तीन लिहिले.

शीतल आमच्या बाजूला आली. आक्कांनी तिला पाण्याचा तांब्या दिला. मी दोन हातांवर होतो आणि शपथेवर सांगतो, त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. शीतल पाणी प्यायली नाही. तांब्या हातात धरून आक्कांकडे बघत राहिली. आक्का तिच्याकडे बघत राहिल्या. मग तांब्या माझ्या टेबलावर ठेवून ती गर्दीतून वाट काढत पंचांकडे गेली.

पंच लगेच माझ्याकडे आले. कागदावर कप्तानांच्या सह्या अजून व्हायच्या होत्या. ते हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, ते तीन गुण खोडा. तिचा दम तुटला होता. गोंगाटात मला ऐकू आलं नाही. तीच सांगत आली." मी खोडले. समोरच्या संघाला एक गुण दिला. माझ्या इतक्या वर्षांच्या गुणलेखनात एवढं जड खोडणं दुसरं नाही.

साहेब धावत आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. कुणी सांगितलं तिला पंचांकडे जायला, असं त्यांनी विचारलं. मागे मुली उभ्या होत्या, त्यांच्या मागे गाव. शीतलने तोंड उघडलं. तिच्याआधी आक्का बोलल्या.

"मी सांगितलं."

एवढंच. सगळ्यांनी ते खरं मानलं. पोरगी आक्कांपाशी थांबून पंचांकडे गेली हे सगळ्यांनी पाहिलंच होतं. कप्तान आक्कांसमोर येऊन रडत रडत बोलली, की तुमचं नाव झालं, आमच्या पोटावर पाय आला. आक्कांनी ते सगळं उभ्याने ऐकून घेतलं. शीतल थिजल्यासारखी उभी होती. एकोणीस वर्षांची मुलगी. ते सगळं तिच्यावर आलं असतं तर तिचं काय झालं असतं, याचा विचार मला नंतर सुचला. आक्कांनी तो एका श्वासात केला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना राजीनामा दिला. चूक माझी आहे, मुलींना काढू नका, एवढंच मागितलं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने मुलींना कंत्राटावर ठेवलं. कायम मात्र केलं नाही.

त्या खोल्या रिकाम्या करत होत्या तेव्हा मी भेटायला गेलो. एक ट्रंक, एक गादी, स्टोव्ह. मी म्हणालो, मी पेपरात पत्र लिहितो, खरं काय ते मला माहीत आहे. त्यांनी मला तसं न करण्याचं वचन द्यायला लावलं. मग मी विचारलं की दम तुटलेला तुम्हाला ऐकू आला होता का.

"आलता," त्या म्हणाल्या. "पोरगी काय करती ते बघत हुतो." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, आलो, गेलो, बघत हुतो.

"आणि ती गेली नसती तर?"

त्या गादी गुंडाळायच्या थांबल्या. "तर मी गेलो असतो पंचाकडं. पर मग पोरगी माझ्या हातनं गेली असती."

मी घरी आलो आणि बायकोला हे सांगायला गेलो, पण मला सांगता येईना. त्या बाईने सात कप, नोकरी, गावातलं नाव, सगळं एका बाजूला ठेवलं होतं आणि दुसऱ्या बाजूला ती मुलगी पंचांकडे आपल्या पायांनी जाते की नाही, एवढंच बघत बसली होती.

आक्का शहापूरला भावाच्या घरी गेल्या आणि त्याच्या मागावर साड्या विणू लागल्या. पुढच्या हंगामात संघ खालच्या गटात तिसरा आला. म्हणजे वर चढलाच नाही. नवे प्रशिक्षक आले, जुनी कप्तान बाजूला झाली आणि शीतल कप्तान झाली. कप्तान झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने सगळ्यांना मैदानावर बसवून खरं काय ते सांगून टाकलं. संध्याकाळी सगळ्याजणी माझ्या दारात. जुनी कप्तान पुढे. तिने विचारलं, "मास्तर, तुमाला म्हायीत हुतं?"

मी होय म्हणालो. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मला अजून आठवते.

पुढच्या सुटीला आम्ही शहापूरला गेलो. बारा मुली आणि मी. गल्लीत शिरलो तसा घराघरातून यंत्रमागांचा खडखडाट. बोललेलं ऐकू येत नव्हतं. दारातून आक्का दिसल्या, मागापाशी उभ्या. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि हाताने थांबा म्हणून खूण केली. साडीचा पदर चालू होता, तो मध्ये सोडता येत नव्हता. बारा मुली गल्लीत भिंतीला टेकून ओळीने उभ्या राहिल्या. अर्धा तास तरी झाला असेल. एकही बसली नाही.

पदर झाला. आक्कांनी माग बंद केला, भावाला सांगून बाकीचे दोन बंद करायला लावले. कानात एकदम पोकळी झाली. त्या दारात आल्या. केसांत सुताची बारीक लव अडकली होती.

शीतलने सांगितलं की सगळ्यांना खरं सांगितलं आहे. जुनी कप्तान पुढे झाली आणि म्हणाली, "मी त्या दिवशी लई बोललो तुमाला."

"बोललीस ते बरोबर बोललीस," आक्का म्हणाल्या. "तुझी नोकरी हुती ती." मग शीतलकडे वळल्या. तिच्या दोन्ही दंडांना धरून बघितलं, जनावर बघतात तसं, आणि म्हणाल्या, "सांगितलंस न्हवं? आता हलकी झालीस. पायात जोर यील."

त्यांच्या वहिनीने चहा केला. बारा कप नव्हते, म्हणून मुलींनी आळीपाळीने घेतला. खेळाबद्दल फारसं कुणी बोललं नाही. मुली परत या म्हणाल्या नाहीत, आक्काही येतो म्हणाल्या नाहीत. ते शक्य नाही हे दोन्हीकडे ठाऊक होतं.

निघालो तेव्हा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या. आम्ही रस्ता ओलांडून बसथांब्यावर उभे राहिलो. सुटी त्यांची नव्हती, मागांची तर नव्हतीच. त्यांच्या मागे भावाने एक माग चालू केला. मग दुसरा. तिसरा, आक्कांचा, तेवढा बंद होता. बस आली, मुली खिडक्यांतून वाकून बघत राहिल्या, आणि तो तिसरा माग तसाच बंद ठेवून आक्का गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या.