घोड्याचा पैसा

"डोकं कुणाचं हाय ह्याच्यावर?"

आधी हा प्रश्न दुकानात शिरायचा, मग आबा. शिरूरला एसटी स्टँडमागच्या गल्लीत माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि खरं पोट भरतं ते फ्लेक्सवर. माझ्या स्क्रीनवर सदानकदा कुठला तरी फ्लेक्स उघडा असायचा आणि त्यावर डोकीच डोकी. वर मोठी, मध्ये मध्यम, खाली 'शुभेच्छुक' म्हणून हरभऱ्याएवढी. आबा पुढं वाकून सगळी डोकी नीट बघत आणि गंभीरपणे विचारत, "ह्यातला मेलेला कोणता?"

"आबा, वाढदिवस आहे हो!"

"मग इचारलं ते बरं केलं. मागं एकदा वाढदिवस समजून मी एकाच्या पोराकडं पेढं मागितलं, आन् निघाला दहावा."

माझं तोंड तसं फटकळ आहे. फोटोत गोरं करा, केस वाढवा, गळ्यातली साखळी जाड करा, असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकांना मी चांगलं सुनावते. पण आबांपुढं माझं काही चालायचं नाही. ते कवठे येमाईकडचे. वडलांच्या वेळेपर्यंत घरात मेंढरं होती, आबांनी जमीन कसली, कांदा केला, पोरं मार्गी लावली. पण विचारलं की सांगायचे, "माझा धंदा घाटातला." घाट म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीचा चढ. तुम्ही आमच्याकडची शर्यत पाहिली नसेल तर एवढंच सांगते, की चार बैल गाडा घेऊन तो चढ वाऱ्यासारखे चढतात आणि त्यांच्यापुढं स्वाराला घेऊन घोडी पळते. आबा त्या घाटात निशाण टाकायचे. त्यांनी निशाण टाकलं की गाडा सुटला, मग कुणी का असेना, हरकत घ्यायची नाही.

यात्रेची पत्रकं छापायला ते माझ्याकडे येत आणि बाजाराच्या दिवशी नुसतेच येत. काहीही बोलायच्या आधी कोपरीच्या खिशातून तांब्यासारखा काळपट एक पैसा काढून माझ्या टेबलावर ठेवत. "आधी दर्शन घे, दौंडकरीण."

माझं माहेर दौंडच्या रेल्वे कॉलनीतलं, म्हणून मी दौंडकरीण. आणि त्या पैशाचंही माहेर दौंडच, असं आबांचं म्हणणं. देश स्वतंत्र झाल्यावर पहिल्यांदा जी आपली नाणी आली, त्यातला तो. एका बाजूला सिंहांचा खांब, दुसऱ्या बाजूला धावता घोडा.

त्याची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की झोपेतही सांगेन. आबा तेव्हा लहान. वडील मेंढरं घेऊन भीमेच्या कडेकडेनं दौंडला उतरलेले. स्टेशनाबाहेर शेंगा घेतल्या, सुट्टे परत आले, त्यात हा पैसा. वडलांनी तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. आजवर पाहिलेल्या प्रत्येक नाण्यावर राजाचं डोकं, नाहीतर भोकाच्या पैशावर निदान त्याचा मुकुट. स्वराज्य आलं तरी दोन-तीन वर्षं तीच जुनी नाणी चालली होती. आणि ह्याच्यावर डोकंच नाही!

"बाप म्हणला, शेंगावाल्यानं खोटा पैसा गळ्यात मारला," आबा सांगत. "धरलं की त्याचं मानगूट! गर्दी जमली. त्यातला एक रेल्वेवाला म्हणला, अहो मामा, राजा गेला. बाप म्हणला, कवा मेला? तो म्हणला, मेला न्हाई, आपल्यातनं गेला. आता राजाच्या जागी शिंव्ह."

"मग पटलं का त्यांना?"

"छ्या! मला म्हणला, खोटाच हाय, धर, खेळ जा. पुढं खरा निघाला आन् मागाय लागला. मी देतोय व्हय?" मग आबा पैसा उचलून तळहातावर ठेवत. "स्वराज्य आल्याचं ऐकलं व्हतं गं सगळ्यांनी. हातात आलं ते त्या दिवशी."

हे वाक्य ते दर वेळी त्याच जागी म्हणायचे आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा.

पण पुढची थाप ऐका. त्या वेळच्या आण्यांवर बैल होता. रुपयावर धान्याची कणसं. पैशावर घोडा, आण्यावर बैल! आबांच्या मते ही सरळसरळ आमच्या घाटातली शर्यत होती. "दिल्लीत ते नाणी ठरवायला बसले ना, त्या टेबलावर आपल्या तालुक्याचा एक माणूस व्हता. त्याशिवाय सुचंल व्हय कुणाला? पुढं घोडा, मागं बैल, आन् जिंकला त्याच्या घरात कणसं!"

मी एकदा त्यांना चांगलं पकडलं. मोबाइलवर सारनाथचा खांब दाखवला. सिंहांच्या पायाखाली घोडा आहे, बैल आहे, हत्तीसुद्धा आहे. म्हटलं, "आबा, तिथून घेतलंय सगळं. हे सम्राट अशोकाच्या काळातलं आहे."

आबांनी मोबाइल हातात घेतला, घोडा पाहिला, बैल पाहिला, समाधानानं मान हलवली. "मग अशोकाकडं व्हता आपला माणूस."

सत्तावन्न साली आणे जाऊन दशमान नवे पैसे आले आणि नाण्यांवरची जनावरं जाऊन मोठा आकडा बसला. त्याबद्दल आबांचा सरकारवर कायमचा राग होता. "हिशेबाला सोपं झालं, पण घाट मोकळा पडला," म्हणायचे.

मग खरोखरच घाट मोकळा पडला. शर्यतींवर बंदी आली. त्या वर्षांतही बाजाराच्या दिवशी आबा यायचे, दर्शन द्यायचे, डोक्यांची चौकशी करायचे. पण बाकड्यावर बसून अंगठ्यानं तो घोडा चोळत राहायचे. अंगठ्याला सवयच होती ती, पहिल्यापासूनची. "एकदा तरी निशाण टाकून जाईन म्हणतो," असं एवढंच एकदा म्हणाले. वय ऐंशीच्या पुढं गेलेलं.

बंदी उठली तेव्हा गावाला काय करू आणि काय नको असं झालं. यात्रा कमिटीनं ठरवलं, पहिल्या शर्यतीतल्या प्रत्येक विजेत्याला एक मोठं पितळी नाणं द्यायचं, गळ्यात घालायला. खर्च उचलला कारेगावच्या एका तरुण ठेकेदारानं. रांजणगावच्या कारखान्यांना माणसं पुरवतो. मूळचा गावातलाच, हाताचा सढळ, मनाचा चांगला, पण फोटोची भारी हौस. तो माझ्याकडे आला तेव्हा आबा बाकड्यावर होतेच.

"ताई, एका बाजूला यात्रेचं नाव. दुसऱ्या बाजूला माझा हा फोटो. गॉगलवाला."

"डोकं कुणाचं हाय ह्याच्यावर?" आबांनी विचारलं.

"माझं, आबा."

"घोडा टाक."

"घोडा यात्रेच्या पत्रकावर टाकू की! नाण्यासाठी पैसं माझं, डोकं माझं."

"राजाबी हेच म्हणायचा," आबा म्हणाले.

मला हसू आवरेना. ठेकेदार लालबुंद झाला. खिशातून पाचशेची नोट काढून त्यानं आबांच्या नाकासमोर धरली. "मग ह्याच्यावर गांधीबाबांचं कसं हाय?"

मला वाटलं, आता अडकले आबा. पण त्यांनी नोटेला हात लावून तो कपाळाला लावला. "त्यांनी मागितलं व्हतं का? जो मागत न्हाई त्याचं डोकं चालतं. तू मागतोयस बाळा." मग उठता उठता म्हणाले, "त्या नाण्यावर माणसाचं डोकं असंल तर निशाण दुसऱ्या कुणाच्या हातात द्या. मला जमायचं न्हाई."

इतकी वर्षं ज्या एका दिवसाची वाट पाहिली, तोच दिवस म्हातारा सोडायला निघाला! मी त्यांच्यामागं रस्त्यापर्यंत गेले. म्हटलं, "आबा, एक डोकं ते काय, जाऊ द्या ना." ते म्हणाले, "बापाच्या हातात बिनडोक्याचा पैसा आला त्या दिवशी त्यानं भांडण काढलं. त्याला कळलं न्हाई. मला कळलंय, मग मी कसं जाऊ देऊ?" आणि एसटीत चढले. मला रडूच आलं, आणि मग त्या ठेकेदाराचा असा राग आला की विचारू नका.

पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. मी त्याचा फोटो कारेगावच्या वर्कशॉपला पाठवला. तिथल्या मशीनवर बिहारकडचा एक पोरगा आहे, कामाला पक्का. त्याचा फोन आला, "मॅडम, चश्मे में चेहरा नहीं आएगा. बिना चश्मे का भेजो." ठेकेदार ऐकेना. गॉगलशिवाय आपल्याला ओळखणार कोण, म्हणाला. शेवटी तसाच नमुना निघाला.

तीन-चार दिवसांनी ठेकेदार दुकानात येऊन बसला. मी चहा मागवला. मग त्यानं खिशातून तो नमुना काढून टेबलावर ठेवला. गॉगलच्या दोन मोठ्या वाटोळ्या खाचा आणि त्याखाली थोडीशी हनुवटी. बेडूक म्हणालात तरी चाललं असतं.

"आईला दाखवला, ताई. आई म्हणली, लई छान. मग म्हणली, डोकं कुणाचं हाय ह्याच्यावर?"

माझ्या तोंडातला चहा टेबलावर उडाला. बिचारा तोही हसायला लागला. "घोडा टाका," म्हणाला. "आन् आबांना तुम्हीच सांगा. माझं तोंड न्हाई."

आबांनी पैसा एका दिवसासाठी माझ्या हवाली केला. मी स्कॅन करून स्क्रीनवर मोठा केला आणि पाहतच राहिले. घोड्याचे पाय होते, छाती होती, शेपूट होतं. तोंड मात्र नव्हतं. आबांचा अंगठा नेमका तिथं फिरत आलेला, लहानपणापासून. तोंड पार गुळगुळीत झालेलं. आबांना दाखवलं तर म्हणाले, "हाय की तोंड! मला दिसतंय." पण पितळेवर काढायचं तर खरं लागणार. मग ते मला गावातल्या घोडीकडं घेऊन गेले. तिचं तोंड मी कागदावर उतरवलं, तिनं माझ्या ओढणीचं टोक खाल्लं, आबांनी दोघींची बाजू घेतली.

यात्रेच्या दिवशी घाटात पाय ठेवायला जागा नव्हती. आबा पांढरंशुभ्र धोतर नेसून, नवा पटका बांधून उभे. पहिला गाडा जुंपून झाला, घोडी पुढं आली आणि निशाण खाली आलं. धुरळा बसेपर्यंत आबा हलले नाहीत. गाडा वर पोचला तरी ते खालीच बघत होते, डोळे पुसत. शेवटी एक नाणं ठेकेदारानं स्वतः त्यांच्या गळ्यात घातलं. आबांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, खिशातल्या पैशाशेजारी धरलं आणि माझ्याकडं पाहून म्हणाले, "बघितलंस? शिरूरच्या टेबलावरबी आपला माणूस निघाला." बाईमाणूस, असं दुरुस्त करायचं मी त्या दिवशी सोडून दिलं.

पुढं दोन यात्रांना आबांनीच निशाण टाकलं. गेल्या दिवाळीनंतर ते गेले. आजार नाही, काही नाही. जेवले, भाकरी चांगली झाली असं सुनेला म्हणाले, आडवे झाले आणि उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदार दुकानात आला. डोळे सुजलेले. "ताई, फाट्यावर लावायला फ्लेक्स करा. आबांचं डोकं, मोठ्ठं. खाली माझं नको, कुणाचंच नको."

"आबांना चाललं नसतं, दादा."

"तेच म्हणले व्हते ना, जो मागत न्हाई त्याचं चालतं? आबांनी कवा मागितलं?"

घरात आबांचा फोटो एकच, आधार कार्डावरचा. तो मी स्क्रीनवर मोठा केला. आधार कार्डावर आपण सगळे जसे दिसतो तसे आबा दिसत होते, कुणीतरी दम दिल्यासारखे. "हे आबा वाटत न्हाईत," ठेकेदार म्हणाला.

मग मी जुनी फाइल शोधून पैशाचा स्कॅन उघडला. मी काढलेलं तोंड लावलं नाही. जसा होता तसाच घोडा त्याच्यासमोर ठेवला.

"ह्याचं तोंड कुठं गेलं?"

"आबांच्या अंगठ्यात."

तो उठून दाराशी गेला, पाठ करून उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "हेच छापा."

दहा फुटी घोडा छापला. नाव नाही, शुभेच्छुक नाहीत, 'भावपूर्ण' वगैरे काही नाही. आबांनी त्या पैशाचं दर्शन दिलं नाही असा माणूस पंचक्रोशीत नव्हता. दहाव्याला जाताना मी फाट्यावर उतरले आणि जरा थांबले. बाजाराला निघालेल्या बायांनी डोक्यावरची पाटी एका हातानं सावरत दुसरा कपाळाला लावला. कारेगावची शिफ्ट गाठायला निघालेली पोरं मोटारसायकली हळू करून बघून गेली. कांद्याचा टेम्पो थांबला, ड्रायव्हरनं टोपी काढली, परत घातली.

ह्यातला मेलेला कोणता, असं कुणीच विचारलं नाही.