चपलांसाठी छपरात खिडकी

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी नम्रपणे सांगत नाही. नम्रपणे सांगावं अशी ती गोष्टच नाही. लंडनमध्ये त्याचा परिणाम एवढाच झाला की, आमच्या बौद्ध मंडळात इंग्रजीत छापलेलं काहीही आलं की ते कुणी न वाचता माझ्याकडे यायचं. मी हॉस्पिटलच्या पगार विभागात होते, तरी बॉयलरची माहितीपुस्तिकासुद्धा मीच वाचायची.

नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. इल्फर्डच्या पलीकडे मंडळाने एक जुनं चॅपल, म्हणजे छोटं चर्च, विहारासाठी घेतलं. स्वस्तात मिळालं, कारण ते लिस्टेड होतं. लिस्टेड म्हणजे सरकारने जपायची ठरवलेली इमारत. मालक तुम्ही, पण तिथल्या नगरपालिकेला, कौन्सिलला, विचारल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही. छप्पर स्लेटचं, काळ्या दगडी पाट्यांचं, आणि आत शिरल्याशिरल्या उजव्या कोपऱ्यावर गळकं. छपराचं काम करणारा रूफर म्हणाला, हिवाळ्याआधी काम करून घ्या, नाहीतर तुळई जाईल आणि इमारत बंद ठेवावी लागेल.

त्याच उन्हाळ्यात माझे बाबा अकोल्याकडून सहा महिन्यांसाठी आले होते. या प्रवासासाठी त्यांनी काळे लेसचे बूट घेतले होते. रोज सकाळी ते पुसत बसायचे, आणि घरातसुद्धा काढायला कुरकुर करायचे. राणीचा राजवाडा बघायची त्यांना हौस नव्हती. आपल्या मालकीच्या विहारात, धड छपराखाली बसून वंदना करायची आणि मग परत जायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. पहिल्याच रविवारी त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "पाणी आत येते तं छप्पर काहून नाही शाकारत?"

शाकारत नव्हतो, कारण व्हॅट, तिथला विक्रीकर. मी करखात्याची पुस्तिका वाचली, परत वाचली आणि कमिटीपुढे सांगितलं: लिस्टेड इमारतीची दुरुस्ती केली तर व्हॅट भरावा लागेल. पण कौन्सिलच्या परवानगीने इमारतीत बदल केला, तर त्या कामावर व्हॅट नाही.

आमचे अध्यक्ष निवृत्त बसड्रायव्हर. ते म्हणाले, म्हणजे होतं तसं ठेवलं तर दंड आणि मोडतोड केली तर बक्षीस? मी म्हटलं, पुस्तिकेत तरी असंच आहे. बाबा मागे बसले होते. एवढं डोकं असणाऱ्यांनी आपल्यावर राज्य कसं केलं असेल, असं ते हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटले.

जमलेल्या वर्गणीत व्हॅट भरून छप्पर होण्यासारखं नव्हतं, व्हॅटशिवाय होत होतं. तेव्हा इमारत वाचवायची तर ती बदलायला हवी होती. कमिटीने बदल सुचवायला सुरुवात केली. कुणाला गॅलरी हवी होती, कुणाला आणखी एक टॉयलेट. अध्यक्षांना घुमट हवा होता. मी म्हटलं, बदल तिथेच करू जिथे गळतंय. त्या कोपऱ्यावर छपरात खिडकी बसवायची म्हटलं, तर भोवतालची स्लेट आणि कुजलेलं लाकूड त्याच कामात बदलावंच लागेल.

पण खिडकी कशासाठी? त्या कोपऱ्यात आमचं होतं काय? चपला. सगळे तिथे चपला-बूट काढायचे, आणि तिथे इतका अंधार होता की दर रविवारी कुणीतरी दुसऱ्याचे बूट घालून लंडनच्या पार दुसऱ्या टोकाला पिनरला जायचं आणि तिथून फोन करायचं. म्हणजे कारण अगदी खरं होतं. मी अर्जात ते सविस्तर मांडलं. उपासनेत पादत्राणं का काढतात, ती कुठे ठेवतात, त्यांना उजेड आणि वारा का लागतो. पदवीचा इतका उपयोग मी आयुष्यात दुसऱ्या कशासाठी केलेला नाही.

कौन्सिलमध्ये जुन्या इमारती बघणारा ऑफिसर होता, त्याचा फोन आला. अर्ज त्याने फार गांभीर्याने घेतला होता. रविवारी येऊन ही प्रथा प्रत्यक्ष बघायची त्याची इच्छा होती. मी मंडळाला कळवलं की रविवारी ऑफिसर चपला बघायला येतोय.

यातलं 'ऑफिसर येतोय' एवढंच लोकांनी ऐकलं. साहेब येणार म्हटल्यावर दारात चपलांचा ढीग कसा ठेवायचा? मी पोचले तोवर जमिनीवर पोछा मारून झाला होता. सगळ्यांचे चपला-बूट कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत भरून गल्लीपलीकडे गाड्यांच्या डिकीत गेले होते. कोपऱ्यात प्लास्टिकच्या फुलांची कुंडी ठेवली होती.

ऑफिसर आला. उंच, सडपातळ, दारातच त्याने बूट काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. फाइल उघडून तो कोपऱ्यात उभा राहिला आणि कुंडीकडे बघू लागला. पादत्राणं कुठे आहेत, त्याने विचारलं.

"नो फुटवेअर, सर," अध्यक्ष अभिमानाने म्हणाले. "ऑल रिमूव्ड."

त्याने अर्जाकडे बघितलं, परत कुंडीकडे बघितलं. म्हणजे ती इथे ठेवत नाहीत तर, असं म्हणून तो काहीतरी लिहू लागला. मला खिडकी हातची जाताना दिसली, तिच्यामागे छप्पर, आणि त्यामागे बाबांची वंदना. मी मराठीत ओरडले की आहेत तितक्या चपला घेऊन या, आत्ताच्या आत्ता.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. सगळं मंडळ अनवाणी गल्लीपलीकडे धावलं आणि आपापल्या चपला हातात धरून ओळीने परत आलं. ऑफिसरने आदराने वाट दिली. ही मिरवणूक दर आठवड्याला असते का, त्याने मला हळू आवाजात विचारलं.

बाबा सगळ्यांच्या शेवटी आले. पायात बूट होते, लेस बांधलेली. ओल्या बुटांनी ते पुसलेल्या फरशीवरून सरळ चालत आले.

"काका, हातात घ्या ना," अध्यक्ष कुजबुजले. "साहेब बघतोय."

"साहेबापुढं जोडा हातात घेऊन लय चाललो," बाबा म्हणाले. "आता तो पायातच राहीन."

ऑफिसर सोडून सगळ्यांना ते समजलं. आमच्या गावात मोठ्या घरावरून जाताना आमच्या लोकांनी चपला काढून हातात घ्यायच्या असत. बाबांनी मिसरूड फुटेपर्यंत घेतल्या. मी कॉलेजला निघाले त्या दिवशी त्यांनी मुद्दाम मला त्याच घरावरून नेलं, पायात चपला घालून.

कोपऱ्यात पोचल्यावर बाबा बाकाच्या टोकाला बसले. सावकाश लेस सोडली. गळतीचं पाणी पडत होतं त्याच्या शेजारी बूट जोडीने ठेवले आणि अनवाणी मूर्तीकडे गेले. ते काय म्हणाले, ऑफिसरने मला विचारलं. मी म्हटलं, बूट इथपर्यंत पायात घालूनच यायचं असतं. त्याने ते उतरवून घेतलं.

परवानगी आली. तीत एक अट होती: खिडकीखालची जागा कायम पादत्राणांसाठीच राखावी, आणि ज्येष्ठांनी दाखवलेल्या पद्धतीप्रमाणे पादत्राणं दाराबाहेर न काढता त्या जागीच काढावीत. अध्यक्षांनी ती मला मोठ्याने वाचायला लावली. मी वाचली. बाबांनी परत वाचायला लावली.

छप्पर थंडीच्या तोंडावर झालं, व्हॅटशिवाय. बाबांना शेवटचा रविवार मिळाला. विहारात तशी उजेडाची बोंबच होती. मूर्तीवर ट्यूबलाइट लावावी लागायची, आणि इंग्लंडमधलं होतं नव्हतं तेवढं ऊन त्या खिडकीतून थेट चपलांवर पडायचं. घुमट केला असता तर ही वेळ आली नसती, असं अध्यक्ष म्हणाले. वंदना झाल्यावर मी कॅमेरा काढला आणि बाबांना मूर्तीशेजारी उभं राहायला सांगितलं. त्यांना तो फोटो नको होता. बाकीच्यांच्या चपला त्यांनी पायाने जरा बाजूला सारल्या, आपले बूट उन्हाच्या मधोमध ठेवले आणि कॅमेऱ्यासमोरून स्वतः बाजूला झाले.

गावच्या घरी बुटांचा तो फोटो माझ्या पदवीदानाच्या फोटोशेजारी लावलाय. त्याच आकाराचा, फ्रेम मात्र थोडी भारीची.