घरी गेल्यावर काय रांधणार?

"लाज काढून चपलांशेजारी ठेवा मावशी, जाताना घालून जा. कुणी न्हेत न्हाई."

लोणावळ्याच्या दवाखान्यात दुर्बिणीच्या खोलीबाहेर बसलेल्या प्रत्येक बाईला ती सिस्टर हेच सांगायची. जवळच्याच कुरवंडे गावची होती. बोलणं रांगडं, हात मात्र लोण्याचा.

मी तेव्हा तरुण होते, जेमतेम चौसष्टची. पित्ताच्या नळीत खडा अडकून पिवळीधमक झालेली. डॉक्टर देखणे आहेत असं कानावर आलेलं, म्हणून वर पावडर थापलेली. हळदीवर पीठ भुरभुरावं तसं ध्यान! मळवलीच्या शाळेतून मी निवृत्त झाले होते, पण मुख्याध्यापिकेचा ताठा अजून नोकरीवर होता.

सिस्टर गोळी घेऊन आली. मागच्या दारानं जायची गोळी.

"माझं पोट सकाळीच साफ झालंय," मी ठणकावलं.

"त्यासाठी न्हाई ही. खडा काढताना शेजारचं स्वादुपिंड दुखावतं, कधी सुजतं. मग लय हाल. ते टळावं म्हणून. पेनकिलरच हाय ही. तसल्या गोळीनं अंगावर कधी काय उठलं?"

"नाही. पण तोंडावाटे द्या की!"

"वरच्या दारानं दुर्बीण जाणाराय. तुमी वळा."

वळले. करते काय!

आपल्याकडच्या बायका दुखणं सांगत नाहीत, हे तुम्हीही पाहिलं असेल. "दुखतं का?" विचारा, उत्तर ठरलेलं: "काय न्हाई." म्हणून सिस्टर तसं विचारायचीच नाही. गुंगी उतरली की कॉटशी येऊन म्हणायची, "घरी गेल्यावर काय रांधणार?" मी खेकड्याचा रस्सा सांगितला. "बेस!" म्हणून ती हसली.

शेजारच्या कॉटवर शिरगावकडची एक बाई होती. तिचाही खडा त्याच दिवशी काढलेला. तिला विचारलं, तर जेवणाच्या नावानंच तिचं तोंड कडवट झालं. भिंतीकडे वळून तिनं गुडघे पोटाशी ओढले.

सिस्टरचं हसू मावळलं. "कळ पाठीत जातीय का?"

"व्हय. पर घरी नका सांगू. मला सोडा आज. भात कापायला आलाय."

सिस्टरनं डॉक्टरांना हाक मारली. रक्त तपासलं, सलाईन वाढवलं, शेवटी तिला पुण्याला हलवलं.

पुढे मी तपासणीला गेले, तेव्हा सिस्टर चादर बदलत होती. "ती बाई कशी आहे?" मी विचारलं.

"गेली."

चादरीचं टोक तिच्या हातात तसंच राहिलं. "गोळी दिलीवती, मावशी. सलाईन चालू हुतं. सूज वळखली बी लगेच. तरी..."

मी पुढं होऊन चादरीचं दुसरं टोक धरलं.

त्यानंतर गेले, तर तिथं दुसरी सिस्टर. आधीची कुठं गेली, कुणाला नीट सांगता आलं नाही.

मला ती आधीची सिस्टर दिसते, "गेली" म्हणाली त्या दिवशीची. बाहेर पुढची बाई थांबली होती, कावीळ झालेली, घाबरलेली. सिस्टरनं चादरीची एक सुरकुती हातानं सपाट केली. मग हात धुतले, कपाटातून गोळी घेतली आणि त्या बाईच्या पाठीवर हात ठेवून तिला आत नेलं.