करंगळीएवढी फट

मोशीच्या भिमाजीला देवाने हात दोनच दिले होते, पण फुशारकी चार माणसांना पुरेल एवढी दिली होती. पिंपरीच्या एका कंपनीत तो फिटर होता. तिथे दोन भागांमधली फट जितकी कमी, तितका कारागीर मोठा. या हिशेबाने भिमाजी स्वतःला मालकाहूनही थोर समजे. घरच्या दाराच्या फटीतून वारा आला तरी तो सुताराच्या सात पिढ्यांचा उद्धार करी.

अठ्ठ्याहत्तर साली गावच्या नानासाहेबांनी कुठल्याशा मासिकात पंख्याच्या होडीचं चित्र पाहिलं. इंद्रायणीच्या डोहात जलपर्णी माजलेली, वल्ही तिच्यात गुंतत. ही होडी म्हणे मागच्या मोठ्या पंख्याच्या जोरावर पाण्यावरून नुसती सरकते. पैलतीरावर नानासाहेबांचा ऊस होता, तेव्हा ती साऱ्या गावाचीच निकड ठरली. भिमाजीने भंगारातलं जीपचं इंजिन बसवलं, सागवानी पंखा घडवला आणि पंख्याभोवती लोखंडी जाळी उभी केली. पात्याचं टोक आणि जाळी यांत करंगळी जेमतेम शिरे.

होडी चालवणार होता त्याचा मेहुणा दत्तोबा. बसायची जागा पंख्याच्या अगदी पुढ्यात, पात्यांकडे पाठ करून.

"दाजी, जरा जास्त जागा सोडा की. जाळी हलती," तो म्हणाला.

"तेवढी जागा बैलगाडीला सोडत्यात," भिमाजी म्हणाला.

दसऱ्याला होडीला झेंडूच्या माळा चढल्या. भिमाजीची बायको गोजाबाई ओवाळायचं ताट घेऊन काठावर उभी होती. दत्तोबा तिचा एकुलता एक भाऊ.

"अवो, येवढी खात्री हाय तर आधी तुमीच बसा," ती म्हणाली.

गावादेखत आता नाही कसं म्हणणार? गड्यांनी होडी उचलून पाण्यात लोटली. धरायला सगळ्यांत सोयीची वाटली ती जाळी. शहाण्या भिमाजीनेही जोर लावायला तिलाच हात घातला, आणि मग ऐटीत जागेवर बसून इंजिन सुरू केलं.

मागे खाडकन आवाज झाला. पात्याचा तळहाताएवढा तुकडा त्याच्या कानाजवळून सणसणत पाण्यात पडला. त्याने इंजिन बंद केलं. वळून पाहिलं तर जाळी नेमकी त्याने धरली होती तिथेच आत दबलेली.

"काय झालं रं?" नानासाहेबांनी विचारलं.

लाकूड हलकं निघालं, हे उत्तर भिमाजीच्या जिभेवर तयारच होतं. तेवढ्यात धोतर खोचून दत्तोबा पाण्यात उतरला. तुकडा उडालेला त्याने पाहिला होता.

"उतरा दाजी, आता म्या बसतो," तो म्हणाला.

भिमाजीने जागा सोडली नाही. "न्हाई," तो म्हणाला. "माझं चुकलंय. तू बसू नगंस."

गोजाबाईने ताट खाली ठेवलं आणि आधी नवऱ्याचा कान तपासला.

महिन्याभराने पंखा नवा झाला, जाळीला आडव्या पट्ट्या लागल्या आणि फट वीतभर झाली. दत्तोबा बसला आणि मागे न बघता पैलतीराकडे निघाला. काठावर उभ्या भिमाजीची नजर मात्र पात्यावरून हलेना. इतकी वर्षं हातांचा तोरा मिरवला, पण आपल्या हातांची भीती त्याला आजच वाटत होती.