घोड्याच्या घरातलं प्यादं

आमच्या गावच्या दूध सोसायटीतल्या कारकून काकांकडे बुद्धिबळ खेळणारी तीन जुनी यंत्रं आहेत, नगरच्या जुन्या बाजारातून आणलेली. दुष्काळामुळे दूध घटलंय, सकाळी आठलाच काम उरकतं. मग काका यंत्रांना मात देण्याची कोडी घालतात. यंत्राचा लाल दिवा लुकलुकू लागला की त्याला समजावतात, "घाई न्हाई, कर इचार."

परवा त्यांनी स्वतः रचलेलं कोडं घातलं. तीन चालींत मात. ते वर्तमानपत्राला पाठवायचं होतं. तिन्ही यंत्रांनी शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा वजीर केला आणि दोनच चालींत मात दिली.

"लबाड हायेत तिघंबी!" काका चिडले. "घोड्याच्या घरात गेलेलं प्यादं घोडाच होतं. वजीर कशापायी?"

गावात मीही तसंच शिकलो होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथल्या पहिल्या स्पर्धेत मी तसा घोडा केला आणि सगळे हसले. मी चाचरत म्हणालो, "काका, बाहेर कुठल्याही घरात वजीर करता येतो. पेपरवाले हे छापणार नाहीत."

काकांनी पटावरचा वजीर उचलून तिथं घोडा ठेवला.

"मंग माझा बाप जन्मभर जिंकला, ते काय होतं रं?"

काकांनी कोड्याखाली 'आमच्या गावच्या नियमानं' एवढं लिहिलं आणि पाकीट माझ्याकडे सरकवलं. त्यांना नियम सांगून मी बरोबर केलं की चूक, मला अजून कळत नाही. पण कॉलेजला जाताना मी ते पोस्टात टाकलं.